‘दिवस’ आणि ‘डे’ : नातं की नुसतं साम्य?

धागाकर्ता : ‘दिवस’वरून ‘डे’ आला, असं सर्रास सांगितलं जातं. साफ चूक. संस्कृत आणि इंग्रजी एकाच आदिभाषेतून फुटल्या हे खरं. पण जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने १८२२ मध्ये मांडलेल्या नियमाप्रमाणे संस्कृतातल्या ‘द’च्या जागी इंग्रजीत ‘ट’ येतो: दश–टेन, द्वि–टू, दंत–टूथ. म्हणजे ‘दिवस’चा भाऊबंद ‘ट’नेच सुरू व्हायला हवा. तो आहेही, पण ‘ट्यूजडे’च्या पूर्वार्धात! तिथला टीव हा जुना जर्मानिक देव आणि आपला ‘देव’ हा शब्द एकाच मुळाचे. उलट ‘डे’चा सख्खा भाऊ जर्मन ‘टाग’. त्याच्या शेवटच्या ‘ग’चा ‘दिवस’मध्ये मागमूस नाही.

प्रतिसाद १ : असहमत. मग ‘द्वार’ आणि ‘डोअर’चं काय? तुमच्या हिशेबाने ‘टोअर’ हवं. तरी कोशकार दोन्ही एकाच मुळाचे मानतात. सोयीचं तिथे नियम, अडलं की अपवाद?

धागाकर्ता : गडबड संस्कृतात आहे, इंग्रजीत नाही. दाराला ग्रीकमध्ये ‘थ्युरा’, लॅटिनमध्ये ‘फोरेस’. हा ‘थ’ आणि ‘फ’ मूळच्या ‘ध’कडे बोट दाखवतात, आणि ‘ध’चा इंग्रजीत ‘ड’च होतो. संस्कृतात ‘ध्वार’ असायला हवं होतं. दार दोन फळ्यांचं, म्हणून ‘द्वि’च्या ओढीने ‘ध’मधला हकार (‘ह’चा अंश) गळला असावा.

प्रतिसाद २ : प्रतिसाद १शी सहमत. ग्रिमच्याच नियमाने ‘त’चा ‘थ’ (इंग्रजी th) होतो, भ्राता–ब्रदर जुळतं. पण जुन्या इंग्रजीत बापाला ‘फॅडर’ म्हणत. तिथे ‘ड’ कुठून आला?

प्रतिसाद ३ : वेदांच्या स्वरांत उत्तर आहे, आणि ते डॅनिश भाषाशास्त्रज्ञ कार्ल व्हर्नरने शोधलं. ऋग्वेदाची सस्वर छापील प्रत उघडा. ‘पिता’त ‘पि’खाली आडवी रेघ, म्हणजे अनुदात्त (खालचा स्वर), ‘भ्राता’त ‘ता’वर उभी रेघ, म्हणजे उदात्त (चढा स्वर) त्याआधीच्या ‘भ्रा’वर. ‘त’च्या लगेच आधी उदात्त असेल तर ‘थ’ टिकला, नसेल तर ‘ड’ झाला. इंग्रजीत पुढे दोन्ही सारखे झाले, जर्मनमध्ये फरक आजही ऐकू येतो: ब्रूडर, पण फाटर.

प्रतिसाद १ : हे पटलं, पण ‘दार’ अजून नाही. ‘असावा’वर नियम उभा राहत नाही. आणि ‘मुंगूस’ तर इंग्रजीत जवळपास जसाच्या तसा आहे!

धागाकर्ता : ‘असावा’ फक्त कारणाबद्दल, मूळचा ‘ध’ ग्रीक-लॅटिननेच सिद्ध होतो. ‘मुंगूस’ ही मात्र उसनवारी. मराठीतून, बहुधा पोर्तुगीजांच्या तोंडून, तो इंग्रजीत पोचला तेव्हा ग्रिमचे बदल होऊन दीड-दोन हजार वर्षं उलटली होती. म्हणूनच तो इतका ओळखू येतो.