दुपारच्या पीकला (विजेची मागणी सर्वाधिक असताना) रुग्णालयाचा लोड कसा उतरवायचा?

प्रश्न – देखभाल_कक्ष
सकाळी ११ ते दुपारी २ मध्ये विजेची कमाल मागणी वीज कंपनीशी केलेल्या कराराच्या वर जाते. दोन चिलर (एसीसाठी पाणी थंड करणारी यंत्रं), चार ओटी (शस्त्रक्रियागृहं), सीएसएसडी (उपकरणं निर्जंतुक करणारा विभाग), लाँड्री सगळं त्याच वेळी चालू. रुग्णांना धक्का न लावता नेमकं काय उतरवता येईल? ओटी रिकामी असताना एएचयू (हवा गाळून, थंड करून आत सोडणारं यंत्र) बंद ठेवला तर?

लोडसर्व्हे
मीटर क्षणाचा लोड धरत नाही, १५ किंवा ३० मिनिटांची सरासरी धरतो. त्यामुळे आधी मीटरचा लोड सर्व्हे (वेळेनुसार लोडची नोंद) काढा आणि सगळ्यात उंच पट्ट्यात काय काय एकत्र येतं ते पाहा. इलेक्ट्रिक बॉयलरवरचे ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करणारी यंत्रं) तापताना पूर्ण लोड घेतात. १३४ अंशांना पोचले की होल्डमध्ये (तेच तापमान टिकवताना) हीटर अधूनमधूनच लागतो. म्हणून सगळे एकदम सुरू करू नका, दोघांत २० मिनिटांचं अंतर ठेवा. सायकलची वेळ आणि तापमान मात्र तसूभरही कमी करायचं नाही. लाँड्रीचे ड्रायर दोननंतर लावा.

हवा_दाब
एएचयू बंद नकोच, वेग उतरवा. फॅनची वीज वेगाच्या घनात बदलते. व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) वेग ६० टक्के केला तर ताशी २० हवाबदलांचे (खोलीभर हवा बदलण्याच्या फेऱ्यांचे) १२ होतात आणि वीज सुमारे २२ टक्क्यांवर येते (व्हीएफडीचा घाटा धरला तर जरा जास्त).

घोळ होतो तो एक्झॉस्टमध्ये. नुसता पुरवठा कमी केला आणि एक्झॉस्ट फॅन तसाच राहिला, की ओटीतला दाब उलटतो आणि कॉरिडॉरची हवा आत ओढली जाते. दोन्ही एकत्र उतरवा, दार बंद ठेवून गेजवर किमान २.५ पास्कल धन दाब (बाहेरपेक्षा जास्त) दिसतोय याची खात्री करा. २० हवाबदलांना हवेतले ९९.९ टक्के कण निघायला साधारण २१ मिनिटं लागतात, त्यामुळे शस्त्रक्रियेच्या अर्धा तास आधी पूर्ण वेग हवाच.

देखभाल_कक्ष
आयसोलेशन रूमलाही हेच चालेल का?

हवा_दाब
रुग्ण आत असताना अजिबात नाही. तिथे आतली हवा बाहेर जाऊ नये म्हणून ऋण दाब (बाहेरपेक्षा कमी) सांभाळायचा असतो.

चिलर_प्लांट
चिलरच्या थंड पाण्याचा सेटपॉइंट (ठरवलेलं तापमान) ७ वरून ८-९ अंशांवर नेला तर प्रत्येक अंशाला चिलरची वीज साधारण २-३ टक्के वाचते. पण त्याच पाण्यावर ओटीची कॉइल (हवा थंड करणाऱ्या नळ्या) असेल, तर ती हवेतला ओलावा नीट काढत नाही. आर्द्रता ६० टक्क्यांकडे सरकली की लगेच मागे या.

ब्लड बँकेचे फ्रिज आणि एमआरआयचा हेलियम कंप्रेसर यांना हात लावू नका. गरम पाण्याच्या टाकीचा हीटर थोडा वेळ बंद चालेल, पण पाणी ६० अंशांच्या खाली गेलं तर लिजिओनेला या जिवाणूचा धोका.

दोन वाजता सगळं एकदम पूर्ववत केलंत, तर चिलर, हीटर आणि ड्रायर मिळून नवं पीक तयार करतात. सेटपॉइंट अर्ध्या-अर्ध्या अंशाने खाली आणा आणि ड्रायर चिलर स्थिरावल्यावरच चालू करा.