लंका दौरा: नऊ माणसं, एक गाडी

पिंट्या: राजारामपुरीतल्या एजंटनं प्लॅन धाडलाय. सात दिवसांत अकरा ठिकाणं. नाद खुळा 🔥

आप्पा: अकरा? मग गाडीतनं उतरायचं कवा?

सुमी: तेच म्हणते मी. कोलंबो, गॉल, मिरिसा, एला, सगळं कोंबलंय. वर मे अखेरीला मिरिसात व्हेल दाखवणार म्हणे. तिथला सीझन एप्रिलपर्यंतच असतो. नंतर नैऋत्य मोसमी वारं सुटलं की त्या बाजूचा समुद्र खवळतो. पावसाळ्यात तारकर्लीचं स्कूबा बंद असतं ना, तसंच.

पिंट्या: मग समुद्र कॅन्सल? मी गॉगल घेऊन बसलोय

सुमी: बेट आहे रे, बाजू बदलायची. पूर्वेला त्रिंकोमाली. तिथला मोठा पाऊस ऑक्टोबरनंतर, मेमध्ये पाणी शांत. निलावेलीचा किनारा, समोर पिजन आयलंड, तिथं पोहत प्रवाळ बघायचे. झाला तुझा गॉगल वसूल.

थोरली काकी: देऊळ आहे का गं तिकडं?

सुमी: कोनेश्वर, काकी. शंकराचं. समुद्रात घुसलेल्या कड्यावर. जुनं देऊळ पोर्तुगीजांनी 17व्या शतकात पाडलं. 1956 मध्ये पाणबुड्यांना कड्याखाली समुद्रात त्याचे अवशेष सापडले. जवळच कन्नियाच्या गरम पाण्याच्या सात विहिरी आहेत, त्या रावणानं काढल्या असं सांगतात. एका विहिरीपेक्षा दुसरीचं पाणी जास्त कढत.

आप्पा: हे बेस. रावणाचं काय तरी बघायचंच हाय.

सुमी: मग ऐका. मुक्काम तीनच. सिगिरिया, म्हणजे खडकावरचा जुना किल्ला, तिथं 2 रात्री, त्रिंको 2, कँडी 2. विमानतळावरून सिगिरिया साधारण 150 किमी, पण चार तास धरा. रस्ते चांगले आहेत, फक्त अरुंद आणि गावांतून जाणारे. एला आणि गॉल यावेळी नाही. रुसायचं त्यानं आत्ताच रुसून घ्या.

दादा: सिगिरियाला पायऱ्या किती?

सुमी: 1,200 च्या आसपास. पाचव्या शतकातला कश्यप राजा, बापाला मारून गादीवर बसला आणि भावाच्या भीतीनं त्या खडकावर राजवाडा बांधून राहिला. सकाळी सातच्या आत चढायला लागायचं, उन्हात खडक तापतो. आणि पिंट्या, वर आरडाओरडा नको, गांधीलमाश्यांची पोळी आहेत. तशा पाट्याच लावल्यात.

आप्पा: माझं गुडघं जोतिबालाच बोलत्यात. मी खाली बसतो.

सुमी: खालीच तर मजा आहे आप्पा. पाण्याच्या बागा. पावसाळ्यात तिथली दीड हजार वर्षांपूर्वीची कारंजी अजून उडतात. शिवाय म्युझियम.

दादा: ते सगळं ठीक. जेवणाचं बोला

सुमी: वैशाखी पौर्णिमा त्याच आठवड्यात येतीय. त्यांचा वेसाक. घरोघरी कागदी कंदील, रस्त्यावर येईल त्याला फुकट जेवण, त्याला दनसल म्हणतात. कँडीत बुद्धाचा दात ठेवलेलं दंतमंदिर बघायचं तर तेव्हाच. गर्दी मरणाची असेल, पण आपल्याला अंबाबाईच्या नवरात्राची सवय आहे. पांढरे कपडे घ्या, खांदे-गुडघे झाकलेले. आणि बुद्धाकडं पाठ करून फोटो काढायचा नाही.

आणि दादा, पौर्णिमेला तिथं दारू-मटणाची दुकानं बंद.

दादा: तारीख बदला.

थोरली काकी: तीच तारीख धरा. 🙏

सुमी: 😂 काकी, तुमच्यासाठी एक. तिथं पोळ सांबोल म्हणून खोबऱ्याची लाल चटणी देतात, दिसायला अगदी आपली. पण तिच्यात बरेचदा वाळलेल्या माशाची भुकटी असते. माळ घातलीय तुम्ही, दर वेळी विचारूनच घ्यायची.

थोरली काकी: बरं झालं सांगितलंस बाई. मी मेतकूट घेते.

सुमी: पिंट्या, एजंटला तीन गोष्टी लेखी विचार. गाडीच्या दरात डिझेल आहे का, ड्रायव्हरचं राहणं-जेवण कुणाकडं, आणि नऊ माणसं अधिक बॅगा बसतील अशी व्हॅन आहे का. नऊ सीटच्या गाडीत आपण गणपतीपुळ्याला कसे गेलो होतो आठवतंय ना? माझ्या मांडीवर कुकर होता.

पिंट्या: विचारतो. पासपोर्टचे फोटो टाका सगळ्यांनी

माई: माझा तांदळाच्या डब्यात ठेवलाय. थांब, काढते.

माई: 📷

सुमी: माई, हा ऑगस्टमध्ये संपतोय. पोचल्यावर सहा महिने शिल्लक लागतात.

आप्पा: उद्या धाला पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात. मी येतो संगं. आधार कार्ड घे, आणि तांदूळ झाडून घे आदी.