हिमालयनवरून सोनं धुवायला: गदग, हट्टी की आणखी लांब?

रंकाळा_रायडर

मंडळी, माझी हिमालयन ४११ आणि दोस्ताची एक्सपल्स २००. दिवाळीनंतर चार-पाच दिवस काढून नदीकाठी, ओढ्याकाठी सोनं धुण्याचा प्रयोग करायचा विचार आहे. परदेशातले लोक बाइकला पॅन (सोनं धुवायची पसरट थाळी) आणि फावडं बांधून फिरतात, तसलं काहीतरी. प्रश्न असे:

१. पंचगंगा, भोगावतीच्या वाळूत काही मिळेल का? नसेल तर कोल्हापुरातून जवळात जवळ कुठं?
२. कायद्याचं काय?
३. पॅन, चाळणी, फावडं बाइकवर कसं बसवायचं?

पैसे मिळवायचे नाहीत, हौस आहे. एक कण दिसला तरी बास.

खडकवाचक

पंचगंगेचा विषय आधी मिटवू. कोल्हापूरचा कातळ बेसॉल्टचा, दख्खनच्या लाव्हाचा. त्यात सोन्याच्या शिरा नाहीत. पंचगंगेची वाळू धुतली तर तळाला काळी जड वाळू राहील, ती मॅग्नेटाइट, म्हणजे लोहचुंबकाला चिकटणारं लोखंडाचं खनिज. पिवळं काही चमकलंच तर ते सोनं नसणार.

सोन्याचा खडक हवा असेल तर दक्षिणेला जा. बेळगाव मागं पडलं की काळा कातळ संपत जातो आणि धारवाडपासून जुना शिस्ट खडक लागतो. तो लाव्हाच्या कितीतरी आधीचा, अडीचशे कोटी वर्षांहून जुना. गदगच्या दक्षिणेला कप्पतगुड्डा डोंगररांग आहे, तिथं या खडकात गारगोटीच्या शिरा आहेत आणि सोनं त्या शिरांत. ओढे शिरा झिजवतात, कण वाळूत येतात. डोणी आणि सोरटूरच्या ओढ्यांत जालगार लोक पिढ्यान्‌पिढ्या सोनं धुवायचे, इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये त्यांची नोंद आहे. रॉबर्ट ब्रूस फूट या भूगर्भतज्ज्ञानं १८७४ मध्ये या टेकड्यांवर लिहिलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथं कंपन्यांनी खाणी खोदल्या, त्यातल्या एकीचं नाव चक्क ‘सांगली’. शिरहट्टी तेव्हा सांगली संस्थानात होती ना.

आता कायदा. इथं मात्र हौस बिस काही चालत नाही. सोनं हे प्रमुख खनिज आहे. खाण आणि खनिज कायदा १९५७, कलम ४: परवान्याशिवाय खनिजाचा शोध घेणंसुद्धा मना आहे, काढणं तर दूरच. छंद म्हणून धुणाऱ्याला द्यायचा परवाना आपल्याकडं अस्तित्वातच नाही, आहेत ते व्यावसायिक खाणकामासाठीचे. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि हेक्टरी पाच लाखांपर्यंत दंड. आणि बाइकवाल्यांनी नीट वाचावं असं कलम २१(४): विनापरवाना खनिज काढायला किंवा न्यायला वापरलेली अवजारं आणि वाहन जप्त होऊ शकतं. त्यात कप्पतगुड्डा २०१९ पासून वन्यजीव अभयारण्य आहे, म्हणजे वनखात्याचे नियम वेगळे. तिथल्या ओढ्यात पॅन घेऊन बसलात तर वनरक्षकाला ‘हौस आहे’ हे पटवून देणं अवघड जाईल.

“स्थानिक लोक तर धुतात की” असं कुणी म्हणेल. सुवर्णरेखेच्या काठी झारखंडात धुतात, निलंबूरला चालियार नदीत धुतलं जायचं, आपल्या विदर्भात सोनझरी समाज आहे. त्यांची ती पोटाची वहिवाट. तिचा आधार घेऊन आपण एमएच-०९ ची पाटी लावून तिथं उतरायचं नसतं.

घाटवाट

वरच्या पोस्टशी सहमत, पण राइड रद्द करू नका. गदग ते हट्टी (सोन्याच्या खाणीचं गाव) हा चक्कर फक्त खडक बघायला म्हणूनही भारी आहे. कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, कित्तूर, धारवाड, हुबळी, गदग हा पहिला दिवस, सगळा हमरस्ता. दुसऱ्या दिवशी डंबळ (दोड्डबसप्पाचं देऊळ चुकवू नका, ताऱ्यासारखा पाया आहे त्याचा), मुंडरगी, कोप्पळ. तिसऱ्या दिवशी गंगावती, सिंधनूर, मस्की, लिंगसुगूर, हट्टी. परतीला हुनगुंद, बागलकोट, मुधोळ, चिक्कोडी.

मस्कीला अशोकाचा शिलालेख आहे, ज्यात ‘अशोक’ हे नाव सरळ आलंय तो. १९१५ मध्ये तो सापडला तो सी. बीडन नावाच्या सोन्याच्या खाणीतल्या इंजिनियरला. तुमच्या विषयाला याहून योग्य थांबा नाही. हट्टीची खाण चालू आहे, कर्नाटक सरकारच्या कंपनीची. आत जायला कंपनीची आगाऊ लेखी परवानगी लागते, गेटवर जाऊन विनवण्या करून उपयोग नाही. कोलार कितीही गाजलं असलं तरी २८ फेब्रुवारी २००१ पासून बंद आहे, शिवाय चार दिवसांत ते बसत नाही.

बाइकचं म्हणाल तर या पट्ट्यात खरा त्रास काळ्या मातीचा. पावसाळ्यानंतर शेतरस्ते ओले असतील तर ती माती पुढच्या चाकाच्या आणि खालच्या मडगार्डच्या मधे ठासून भरते आणि चाक जागेवर जाम होतं. टायर लिव्हरनं खरवडत बसावं लागतं. त्यामुळं डांबरी सोडून आत शिरण्याआधी पायानं माती तपासा. बुटाला गोळा चिकटला की मागं फिरा.

दोघांच्याही गाड्या ट्यूबवाल्या असणार. कच्च्यावर हवा कमी करा, पण २० पीएसआयच्या खाली नको. दगडावर आदळून रिम आणि टायरच्या मधे ट्यूब चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. ते पंक्चर एका ठिगळात भागत नाही. जागा नसेल तर सुटी ट्यूब एकच घ्या, २१ इंची. अडीनडीला ती हिमालयनच्या १७ किंवा एक्सपल्सच्या १८ इंची मागच्या चाकात घडी न पडता बसवून हळूहळू गावापर्यंत जाता येतं. उलटं जमत नाही. आणि ट्यूब आहे पण लिव्हर आणि पंप नाही, असे महाभाग बरेच दिसतात.

रंकाळा_रायडर

कलम २१(४) वाचून पॅन मागवायचा थांबलोय 😄 राइड मात्र पक्की. मग सोनं धुणं शिकायचं तरी कुठं? आणि कायदेशीर धुता येईल अशी जगात जागा आहे का, जिथं बाइकपण चालवता येईल? पुढच्या वर्षी सुट्टी मोठी आहे.

गुजरीकर

पॅन मागव भावा, घरात धुवायला कुणाची परवानगी लागत नाही. हात बसायला नदी लागत नाही, कपडे धुवायचा मोठा टब लागतो.

साहित्य: १४ इंची प्लॅस्टिक पॅन (हिरवा किंवा निळा, एका बाजूला खाचा असलेला), अर्धा इंच जाळीची चाळणी, बांधकामाच्या दुकानातली दोन घमेली वाळू-खडी आणि गळाला लावायचं बारीक शिसं. शिशाचे दहा तुकडे करायचे, दोन मिलिमीटरपेक्षा लहान, आणि हातोडीनं चेपून चपटे करायचे. गोल छर्रे घेऊ नका, ते पटकन तळाला जातात आणि उगाच वाटतं की जमलं. नदीतलं सोनं चपटंच असतं.

शिसंच का, तर पाण्याच्या तुलनेत वाळू २.६५ पट जड, मॅग्नेटाइट ५.२, शिसं ११.३, सोनं १९.३. शिसं पॅनमध्ये टिकवता आलं तर सोनं टिकणारच.

नवा पॅन आधी भांड्याच्या साबणानं आणि वाळूनं घासून घ्या. साच्याचं तेल लागलेलं असतं. तेलकट पॅनवर बारीक सोनं पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगतं आणि पहिल्याच हिसक्यात वाहून जातं. टबमधल्या पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला तरी हा प्रकार कमी होतो. हाताला क्रीम बिम नको.

मग पॅन दोन तृतीयांश भरायचा, पूर्ण पाण्याखाली धरायचा आणि मातीचे गोळे बोटांनी फोडायचे. इथं बहुतेक जण घाई करतात. चिकणमातीचा गोळा न फुटता बाहेर गेला तर त्यात अडकलेला कणही गेला. नंतर पॅन आडवा सपाट धरून डावी-उजवीकडं जोरात हलवायचा, दहा-पंधरा सेकंद. गोल फिरवायचा नाही. गोल फिरवलं की जड माल कडेला चढतो, आडवं हलवलं की तळाला बसतो. मग खाचांची बाजू पुढं करून पॅन तिरका करायचा आणि पुढं-मागं बुडवत वरचा थर पाण्याला नेऊ द्यायचा. तीन-चार वेळा बुडवलं की परत सपाट, परत जोरात हलवणं. हे परत हलवणं विसरलात की शिसं वरच्या थरात येऊन निसटतं.

शेवटी दोन चमचे काळी वाळू राहिली की थोड्याशा पाण्यात पॅन हलकेच फिरवून ती पसरायची. शिसं मागं रेंगाळताना दिसेल. दहा टाकले, दहा परत आले पाहिजेत. आठ आले तर दोन कुठं गेले ते टबच्या तळाशी बघायचं, म्हणून तर टब. सलग काही वेळा दहाच्या दहा आले की तुकडे अजून बारीक करा. काम झाल्यावर हात धुवा, शिसं विषारी आहे, आणि टबचं पाणी-गाळ बागेत ओतू नका.

खरं-खोटं ओळखायचं तर पॅनवर सावली धरा. सोनं सावलीतही तसंच पिवळं दिसतं. अभ्रक कोन बदलला की चमकतं, नाहीतर विझतं. सुईनं टोचलं तर सोनं दबतं, पायराइटचा (सोन्यासारखं चमकणारं खनिज) चुरा होतो, अभ्रकाचे पापुद्रे निघतात.

आपल्या गुजरीत सोनारांच्या दुकानातली झाडलेली माती धुणारे झारेकरी हेच काम करत आले. त्यांचा हात बघण्यासारखा असतो. पण या धंद्यात पारा आणि ॲसिडही वापरतात, त्याची नक्कल घरी अजिबात नको. पारा तापवला की वाफ फुफ्फुसात जाते, कळतही नाही. आणि बाइकच्या बॅगेत नायट्रिक ॲसिडची बाटली ठेवायची कल्पना कुणाला सुचली असेल तर ती इथंच सोडा.

दक्षिणेचा_वारा

कायदेशीर आणि बाइक, दोन्ही हवं तर माझं मत न्यूझीलंडचं दक्षिण बेट. तिथं सोनं सरकारच्या मालकीचं असलं तरी सरकारनं काही नदीपट्टे लोकांना धुवायला मोकळे ठेवलेत. त्या हद्दीत परवाना लागत नाही, फक्त हाताची अवजारं: पॅन, फावडं, चाळणी. मोटर लावलेलं काही नाही. ॲरोटाउन गावाशेजारची ॲरो नदी त्यातलीच, तिथं १८६२ पासून सोनं निघालं. लॉरेन्सजवळ गॅब्रिएल्स गलीला त्याच्या आदल्या वर्षी. हद्दीचा नकाशा आधी डाउनलोड करून ठेवा, हद्दीबाहेर एक पॅनसुद्धा धुवायचा नाही.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात ‘मायनर्स राइट’ नावाचा परवाना ऑनलाइन मिळतो, दहा वर्षं चालतो. पण तिथला सोन्याचा भाग बराच कोरडा. तिथं मेटल डिटेक्टरवाल्यांचं राज्य, पॅनवाल्यांचं कमी.

बाइकसाठी न्यूझीलंडातला बॅनकबर्न ते गार्स्टन हा नेव्हिस रोड. १३०० मीटरपर्यंत चढतो, वीसहून जास्त ठिकाणी ओढे ओलांडायचे आणि अख्खी दरी जुन्या सोनेवाल्यांची. पण भाड्याच्या बाइकच्या करारात कच्च्या रस्त्यांबद्दल काय लिहिलंय ते सही करण्याआधी वाचा. स्किपर्स रोडसारख्या काही रस्त्यांवर भाड्याच्या गाडीचा विमाच लागू नसतो.

कागद: आपल्या लायसन्सवर गिअरवाल्या मोटरसायकलचा वर्ग हवा. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून, नमुना ४-अ, फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. म्हणून प्रवासाच्या फार आधी काढू नका.

आणि न्यूझीलंडच्या विमानतळावरची जैवसुरक्षा, म्हणजे बाहेरची माती, किडे, रोग आत येऊ नयेत म्हणून तपासणी. वापरलेले राइडिंग बूट, पॅन, फावडं, तंबूचे खुंटे, सगळं फॉर्मवर जाहीर करायचं आणि मातीचा कणही नको. जाहीर न करता सापडलं तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. बुटाच्या सोलच्या खाचा जुन्या टूथब्रशनं साफ करा. घरचा सरावाचा पॅन नेण्यापेक्षा तिथं भाड्यानं घेणं सोपं, ॲरोटाउनच्या दुकानांत मिळतो. एका नदीतून दुसऱ्या नदीत जातानाही सामान धुवून वाळवायचं, डिडिमो नावाचं शेवाळ पसरतं म्हणून.

धुवायची जागा: नदीच्या वळणाची आतली बाजू, मोठ्या दगडाच्या पाठीमागं, आणि सगळ्यात चांगली म्हणजे उघड्या कातळातल्या फटी. वरची मोकळी वाळू धुण्यात दिवस घालवू नका. पाणी बर्फाचं, निओप्रिनचे हातमोजे घ्या, नाहीतर अर्ध्या तासात बोटं चालत नाहीत. मिळकतीचं म्हणाल तर पेट्रोल सुटणार नाही.

घाटवाट

सामान बांधायचं राहिलंच होतं. १४ इंची पॅन साइड बॅगेत जात नाही. तो कॅरियरवर पालथा ठेवून त्याच्यावर ड्राय बॅग आवळा. उभा बांधला तर वाऱ्याला धरतो आणि शेपूट हलतं. फावड्याच्या पात्याला जुन्या ट्यूबचं म्यान शिवा. काळी वाळू वेगळी करायला चुंबक घेतला तर तो फोन आणि कार्डांपासून लांब. ओली काळी वाळू कधी डब्यात भरून नेऊ नका, एका लिटरला अडीच-तीन किलो भरते. पाच लिटर मागं टांगली की पुढचं चाक हलकं होतं आणि खडीवर वळणात बाहेर पळतं. काठावरच शेवटपर्यंत धुवायचं, सोबत फक्त सोन्याच्या कणांची छोटी कुपी.

रंकाळा_रायडर

सगळ्यांचे आभार. शिसं आणि टबपासून सुरुवात करतो. नेव्हिस रोड जानेवारीत उघडा असतो का?

दक्षिणेचा_वारा

असतो, तिकडं तेव्हा उन्हाळा. बंद असतो तो जून ते सप्टेंबर. तरी पावसानंतर ओढे चढतात, त्यामुळं निघायच्या दिवशी सकाळी स्थानिक कौन्सिलच्या साइटवर रस्त्याची स्थिती बघा.