स्वस्तातली वाईन : आपले अनुभव लिहाल का?

पर्वतीपायथा

गेल्या रविवारी घरी जेवायला माणसे येणार होती, म्हणून मी नेहमीच्या दुकानातून साडेचारशे रुपयांची, शेनिन ब्लाँ या द्राक्षाच्या पांढऱ्या वाईनची बाटली आणून फ्रीजमध्ये ठेवली होती. पाणी घ्यायला गेलेल्या भाच्याने लेबल पाहिले आणि हळू आवाजात मला म्हणाला, "मावशी, ही काढू नकोस, लोकांना काय वाटेल? मी चांगली आणली आहे." त्याने आणलेली बाटली परदेशी होती आणि तिची किंमत माझ्या बाटलीच्या आठपट होती. ती सर्वांनी अदबीने घेतली, तिचे कौतुक केले आणि अर्धी उरवली. माझी बाटली कोलंबीभाताबरोबर संपली.

त्या रात्री ओटा आवरताना मला १९९४ मधले मडगाव आठवले. नोकरी लागल्यानंतर पहिल्यांदा स्वतःच्या पैशाने आम्ही चार मैत्रिणी गोव्याला गेलो होतो. जुलै महिना होता आणि बाहेर पडण्याची सोय नव्हती. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने वर्तमानपत्रात गुंडाळून पोर्ट वाईनची बाटली दिली. ती कशातून प्यायची असते हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून लॉजवरच्या स्टीलच्या पेल्यांत ओतली. काळपट लाल रंग, काकवीच्या जवळ जाणारा गोडवा, घशातून उतरताना जाणवणारी ऊब आणि पत्र्यावर धो धो कोसळणारा पाऊस. पुढे कामाच्या निमित्ताने महागड्या वाईन पुष्कळ चाखल्या, त्यांतल्या काही खरोखर उत्तम होत्या, तरी "वाईन" हा शब्द ऐकला की जिभेवर आधी तो पेला येतो.

मला मनापासून जाणून घ्यायचे आहे. सर्वसामान्य दुकानात मिळणारी स्वस्त वाईन पिण्याजोगी असते, की परवडते म्हणून आपण तिला गोड मानून घेतो? चांगले आणि वाईट, दोन्ही अनुभव लिहावेत.

मांडवीकाठ

आपल्या पेल्यातल्या वाईनबद्दल थोडे सांगतो. मूळ पोर्ट ही पोर्तुगालमधल्या डोरू नदीच्या खोऱ्यातली. द्राक्षरस आंबत असताना मध्येच त्यात द्राक्षांचे ऊर्ध्वपातित मद्य घालतात, त्यामुळे आंबणे थांबते, साखर शिल्लक राहते आणि मद्यांश १९ ते २२ टक्क्यांपर्यंत जातो. पोर्तुगीज गेले, पण नाव आणि गोडीची सवय मागे राहिली. गोव्याच्या दमट हवेत द्राक्ष नीट पिकत नाही, म्हणून माल घाटावरून येतो. अशा स्वस्त वाईनमध्ये बंगळूर ब्लू ही जात फार वापरली जाते. द्राक्षाच्या जॅमचा जो ओळखीचा वास येतो, तो तिचाच.

आमच्या आजीकडे कपाटात एक बाटली कायम असे. बाळंतिणीला रात्री चमचाभर, आजाऱ्याला भूक लागावी म्हणून चमचाभर, आणि पाहुणा आला तर छोट्या नक्षीच्या ग्लासात. ती औषध आहे असे आज मी म्हणणार नाही, पण तिला हलके मानणाऱ्यांनी हा घरोबा लक्षात घ्यावा. थंडगार करून, वर लिंबाची चकती टाकून घेतली तर तिचा चिकट गोडवा बराच आवरतो.

निफाडचा मळा

धागा वाचून मळ्यातूनच लिहीत आहे, त्यामुळे थोडे लांबेल.

२००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणले, विंचूर आणि पलूस येथे वाईन पार्क झाले, आणि पिढ्यान्‌पिढ्या थॉमसन, सोनाका ही खाण्याची द्राक्षे करणाऱ्या आमच्यासारख्या घरांतही वाईनच्या द्राक्षाची चर्चा सुरू झाली. वडिलांनी दोन एकरांत शिराझ हे लाल वाईनचे द्राक्ष लावले. खाण्याच्या द्राक्षाला आपण जीएचे डिपिंग करतो, म्हणजे घड वाढ-संजीवकात बुडवतो, थिनिंग करतो, म्हणजे मणी विरळ करतो, मणी फुगवतो आणि एकरी दहा-बारा टन माल काढतो. शिराझचे सगळे उलटे असते. मणी बारीक हवा, साल जाड हवी, कारण रंग आणि तुरटपणा सालीत असतो. आमच्या बागेत एकरी साडेचार टनांच्या वर माल आम्ही कधी ठेवला नाही. तोड पहाटे चार वाजता, डोक्याला बॅटरी बांधून होते, कारण उन्हात तापलेला घड क्रेटमध्येच आंबायला लागतो. वायनरीचा माणूस मणी चिरडून रसाचा एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे रसातली साखर मोजण्याच्या उपकरणाच्या, काचेवर ठेवायचा आणि दिव्याकडे धरून पाहायचा. बावीस ब्रिक्स (साखरेचे माप) म्हणाला की वडिलांचा चेहरा उजळायचा.

२००८ नंतर मंदी आली आणि मागणी बसली. ज्या वायनरीशी आमचा करार होता, तिने एका हंगामाचा माल नेला आणि पैसे थकवले, पुढच्या हंगामात माल उचललाच नाही. या द्राक्षाची खरी अडचण तेव्हा कळली. हे द्राक्ष बाजार समितीत कोणी विचारत नाही, आणि आत बी असल्यामुळे त्याचा चांगला बेदाणाही होत नाही. घड वेलीवर सुकले. वडिलांनी २०१० च्या उन्हाळ्यात बाग तोडली. तालुक्यात असे आम्ही एकटे नव्हतो. सहा वर्षांनी मी पुन्हा एक एकर शेनिन ब्लाँ लावली, ती वडिलांचा विरोध पत्करून.

म्हणून "स्वस्त वाईन म्हणजे उरलासुरला, सडका माल" असे कोणी म्हटले की मला राहवत नाही. साडेचारशेच्या बाटलीत जाणारे द्राक्ष निवडूनच घेतले जाते. फरक पुढे पडतो. महाग वाईनसाठी एकरी माल आणखी कमी धरतात, ती ओकच्या पिंपात मुरवतात, पिंपे बहुधा परदेशातून येतात, आणि बाटली विकेपर्यंत पैसे अडकून पडतात. स्वस्त वाईन स्टीलच्या टाकीत थंड तापमानावर आंबवून त्याच वर्षी बाजारात आणतात. ती मुरवण्यासाठी केलेलीच नसते. आपण ताजी कैरी खातो तेव्हा तिला लोणच्याची चव नाही म्हणून नावे ठेवत नाही. आणि महागड्या शंभर बाटल्यांनी आमचा माल उचलला जात नाही, तो साध्या हजार बाटल्या खपल्या तर उचलला जातो.

देवळालीकर

दादा, आपले वाचून गलबलून आले. माझ्या मामांनीही त्याच सुमारास कॅबर्नेची बाग तोडली होती. तोडलेले वेल बांधावर रचले होते आणि मामी दोन दिवस त्या बाजूला फिरकली नव्हती. पुन्हा लागवड केलीत, याबद्दल मनापासून अभिनंदन.

फ्रीमाँटची वाट

मी २००३ मध्ये कॅलिफोर्नियात आले, तेव्हा विद्यार्थिनी होते. ट्रेडर जोज या किराणा दुकानांत चार्ल्स शॉ नावाची वाईन एक डॉलर नव्व्याण्णव सेंटला मिळत असे. ती २००२ मध्ये, कॅलिफोर्नियात द्राक्ष आणि वाईन यांचा अतोनात साठा झाला होता त्या काळात, बाजारात आली आणि लोकांनी तिचे नाव "टू बक चक" ठेवले. आमच्या घरी महिन्यातून एकदा सगळे मराठी विद्यार्थी जमत, कोणी पिठले करी, कोणी भात आणि मधोमध या बाटल्या असत. २००७ मध्ये कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या स्पर्धेत, जिथे परीक्षकांना लेबल दिसत नाही, याच नावाची शार्डने ही पांढरी वाईन राज्यातली सर्वोत्तम शार्डने ठरली. ती बातमी आम्ही एकमेकींना फोन करून सांगितली होती.

मात्र एक प्रामाणिकपणे नोंदवते. प्रत्येक खेपेची चव सारखी नसे. एका महिन्यात घेतलेली लाल वाईन फार छान लागली म्हणून पुढच्या महिन्यात खोकाभर आणली, तर ती पाणचट निघाली. म्हणून माझा नियम असा की आधी एक बाटली घ्यावी, त्याच दिवशी उघडून पाहावी आणि आवडली तर लगेच परत जाऊन त्याच खेपेतल्या आणखी घ्याव्यात.

डोंबिवली पूर्व

आम्ही सहा जणांनी घरी परीक्षा घेतली. चार बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, बुडाला क्रमांक लिहिले आणि प्रत्येकाने गुण द्यायचे ठरले. तीन बाटल्या पाचशेच्या आतल्या होत्या आणि चौथी मी लग्नाच्या वाढदिवसाला घेतलेली, अडीच हजारांची. सहापैकी चौघांनी चारशे वीस रुपयांचीला पहिला क्रमांक दिला. माझी तिसरी आली, आणि तिला कमी गुण देणाऱ्यांत मीही होतो. मला त्या रात्री खरेच वाईट वाटले होते.

नंतर वाचनात आले की २००८ मध्ये लेबल झाकून केलेल्या अशाच सहा हजारांहून अधिक चाचण्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. किंमत ठाऊक नसताना साध्या माणसांना महाग वाईन किंचित कमीच आवडते आणि चव घेण्याचे शिक्षण घेतलेल्यांचा कल मात्र महाग वाईनकडे झुकतो, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे महाग वाईनमध्ये काही नसते असे नाही, ते ओळखायला जीभ तयार व्हावी लागते. आठवड्यानंतर तीच वाढदिवसाची वाईन मी मटणाबरोबर पुन्हा घेतली, तेव्हा ती कळली.

घोडबंदर

माझा अनुभव वाईट आहे आणि तो लिहिणे आवश्यक वाटते. मे महिन्यात एका दुकानातून साडेतीनशेची लाल वाईन घेतली. आपल्याकडे "वाईन शॉप" अशी पाटी असते, पण आत व्हिस्की आणि बिअरला मानाची जागा असते आणि वाईन काचेलगत, थेट उन्हात मांडलेली असते. घरी आणून पाहिले तर बूच अर्धा सेंटिमीटर वर सरकले होते आणि बाटलीच्या गळ्याशी चिकट ओघळ सुकलेला होता. तरी उघडली. शिजवलेल्या मनुकांसारखा वास आणि मागून व्हिनेगरचा आंबटपणा होता. दुकानदाराने परत घेण्यास नकार दिला. दोन ग्लास प्यायल्यावर रात्रभर डोके दुखले. तेव्हापासून स्वस्त वाईनच्या वाटेला गेलो नाही. तिच्यात सल्फाइट (वाईन टिकावी म्हणून घालतात ते गंधकाचे रसायन) जास्त असते म्हणतात, ते खरे का?

निफाडचा मळा

@घोडबंदर, आपल्या बाटलीचा घात उन्हाने केला आहे. बूच वर सरकले म्हणजे आतली वाईन तापून फुगली होती. हजार रुपयांची बाटली त्याच फळीवर असती तरी हेच झाले असते. स्वस्तातली घ्यायची तर फिरकीच्या झाकणाची, दुकानाच्या आतल्या अंगाच्या फळीवरची आणि लेबलवरचे वर्ष पाहून शक्य तितकी अलीकडची घ्यावी. सल्फाइट जवळजवळ सर्वच वाईनमध्ये असते, महागही त्याला अपवाद नाही. आपण आवडीने खातो त्या पिवळ्या बेदाण्यालाही गंधकाची धुरी दिलेली असते. तो खाऊन आपले डोके दुखत नसेल, तर दोष फक्त सल्फाइटला देता येणार नाही.

रुग्णसेवा

मी डॉक्टर आहे. वरील सर्व आठवणी आवडल्या, पण "वाईन म्हणजे काही दारू नव्हे" हे वाक्य मी दवाखान्यात फार वेळा ऐकते, म्हणून एक हिशेब मांडते. साडेबारा टक्के मद्यांशाच्या ७५० मिलिलिटर बाटलीत सुमारे ९४ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असते. व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरच्या मोठ्या पेगमध्ये ते साधारण २६ मिलिलिटर असते. म्हणजे एक बाटली म्हणजे साडेतीन मोठे पेग झाले. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. माझ्या एका रुग्णाला रोजची बाटली परवडत होती, म्हणूनच ती रोजची झाली. बाटली स्वस्त असेल तर ती चार जणांत वाटून संपवावी, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

मेलबर्नहून

डॉक्टरांच्या मुद्द्याला माझे पूर्ण अनुमोदन आहे, कारण इथे वाईन चार लिटरच्या खोक्यात मिळते. खोक्याच्या आत पिशवी असते आणि तिला तोटी असते. खोक्यातल्या पिशवीत वाईन भरण्याची कल्पना १९६५ मध्ये टॉमस अँगोव्ह या ऑस्ट्रेलियन वाईन उत्पादकानेच काढली. वाईन बाहेर येते तशी पिशवी आक्रसते, आत हवा शिरत नाही आणि वाईन काही आठवडे टिकते. सोय मोठी आहे, पण किती झाली ते दिसत नाही. मी तोटीखाली सरळ ग्लास धरणे सोडले आहे. आधी मापाच्या भांड्यात काढते आणि खोके पुन्हा कपाटात ठेवते.

पर्वतीपायथा

सर्वांनी इतके मोकळेपणाने लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. डॉक्टरांचा हिशेब मी कागदावर लिहून फ्रीजच्या दाराला लावला आहे. त्या रविवारी आम्ही सहा जण होतो, याचे आता समाधान वाटते.

@निफाडचा मळा, आपला प्रतिसाद मी भाच्याला वाचून दाखवला. तो बराच वेळ गप्प होता, मग त्याने विचारले की पहाटेची तोड पाहायला येता येईल का?

निफाडचा मळा

अवश्य या. शेनिनची तोड साधारण फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात येईल, ब्रिक्स पाहून आठवडाभर आधी कळवतो. मुक्कामाला आदल्या रात्रीच यावे लागेल आणि पहाटे थंडी फार असते, तेव्हा भाच्याला स्वेटर आणि जुने बूट आणायला सांगा. वडील सध्या त्या बागेकडे स्वतःहून जाऊ लागले आहेत. त्यांच्या हातात रिफ्रॅक्टोमीटर असेल, पहिला थेंब त्यांनाच पाहू द्यावा.