फेज वन चाचणी : सही आईची हवी, पण आईला माहीतच नाही

मानेवाड्याची लेक
आई ६१ वर्षांची. स्तनाचा कॅन्सर, हर-टू पॉझिटिव्ह (म्हणजे गाठीच्या पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त), आता लिव्हरमध्ये गेलाय. ट्रास्टुझुमॅब हे हर-टूवरचं औषध झालं, त्यानंतरची दोन औषधंही झाली. मुंबईच्या डॉक्टरांनी एका नव्या अँटिबॉडीच्या (पेशीवरच्या ठरावीक जागी चिकटणारं प्रथिन) फेज वन चाचणीचं, म्हणजे माणसांवरच्या तपासणीच्या पहिल्या टप्प्याचं विचारलं. संमतीपत्र २४ पानांचं, मराठीत. उद्देश काय, तर 'सुरक्षितता तपासणे'. बरं करणे असं कुठेच नाही. मग नेमकं काय करून राहिले हे लोक? भाऊ म्हणतो, आईला प्रयोगाचा उंदीर करायचं नाही. मामा म्हणतात, दुसरं हातात आहे काय?
आणि खरं सांगते, लिव्हरचं आईला आम्ही सांगितलेलंच नाही. 'थोडी सूज आहे' म्हटलंय. सही मी केली तर चालेल का?

धंतोलीची सिस्टर
नाही चालणार. आईला कळतंय, ती बोलतेय, म्हणजे सही तिचीच. वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदार बसवतात, पण तोही तिच्या जागी नाही, तिच्या शेजारी. मी सात वर्षं चाचण्यांचं काम पाहिलंय. 'सूज आहे' सांगून आणलेल्या बाया पाहिल्यात. दुसऱ्या पानावर 'प्रगत अवस्थेतील कर्करोग' येतं आणि खोलीत सगळे खाली बघतात. तिथे कळण्यापेक्षा घरी कळू द्या.
आता सुरक्षितता. फेज वनचा मुख्य प्रश्न : माणसाला डोस झेपतो किती? जुनी पद्धत अशी की तिघांना कमी डोस द्यायचा आणि २१ किंवा २८ दिवस पाहायचं. कुणालाच गंभीर त्रास नाही, तर पुढच्या तिघांना वरचा डोस. एकाला झाला तर त्याच डोसवर आणखी तिघं. दोघांना झाला की डोस वाढवणं बंद, एक पायरी खाली. म्हणून डॉक्टरांना विचारा, आई कितव्या पायरीवर? अगदी खालच्या पायरीवर डोस इतका कमी असू शकतो की गाठीला पत्ताही लागायचा नाही.
एवढी सावधगिरी का? मार्च २००६ मध्ये लंडनला टीजीएन१४१२ ही अँटिबॉडी सहा धडधाकट माणसांना काही मिनिटांच्या अंतरानं दिली. सहाही आयसीयूत. (वाचले सगळे.) तेव्हापासून नवीन अँटिबॉडी आधी एकालाच देतात आणि वाट पाहतात.
आशेचं विचाराल तर १९९१ ते २००२ मधल्या ४६० अमेरिकन फेज वन चाचण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा गाठ आक्रसली ती १०.६ टक्के लोकांत, औषधानं मृत्यू ०.४९ टक्के. औषधं जुनी होती, पण अंदाज येतो.
हर-टूच्या औषधांत हृदय बघावं लागतं, इको (हृदयाची सोनोग्राफी) चुकवू नका. अँटिबॉडीला केमो जोडलेली असेल तर फुफ्फुसं. कोरडा खोकला आला की 'हवा बदलली' म्हणत बसू नका, लगेच फोन.

खामल्याचा जावई
सासरे होते अशा चाचणीत, औषध वेगळं. पहिल्या डोसला रक्त किती वेळा घेतात ते आधी विचारून ठेवा : औषधाआधी, संपल्यावर, काही तासांनी, दुसऱ्या दिवशी, आठवड्यानं परत. दुरांतोनं सकाळी उतरलो, रात्री बसलो, असं होत नाही. पहिला महिना आम्ही तिथेच खोली घेतली. प्रवासखर्च देतात का, तेही लेखी घ्या. पहिल्या सलाइनला त्यांना हुडहुडी भरली. सिस्टरनं थेंब कमी केले, इंजेक्शन दिलं, तासाभरात उतरली. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत, भरपाईही, हे २०१९ च्या नियमांत आहे. दोन महिन्यांनी स्कॅनमध्ये वाढ दिसली, बाहेर पडले. त्यांना पस्तावा नव्हता. सासूबाईंना अजून आहे.

रेशीमबागकर
ओळखीचे वैद्य आहेत, काढ्यानं लिव्हर साफ होतं. नंबर देऊ?

धंतोलीची सिस्टर
नका देऊ. चाचणीत काढा चालू असला तर लिव्हर कशानं बिघडलं तेच कळायचं नाही.

मानेवाड्याची लेक
काल सांगितलं. आंबाडी निवडत होती. म्हणाली, "सोनोग्राफीवाल्या पोरीचं तोंड पाहिलं होतं मी, तेव्हाच समजलं." मग हात धुतले आणि चष्मा मागितला. आता नवव्या पानावर आहे. 'केव्हाही माघार घेता येईल' खाली पेनानं रेघ मारलीय. पायरी कितवी, ते उद्या फोनवर मीच विचारते म्हणाली.