वाईच्या घराचा कडीपाट: पांढरा करावा की लाकूड मोकळं करावं?

कृष्णाकाठची

आमचं वाईचं घर सासऱ्यांच्या आजोबांनी बांधलेलं. पुढचा सोपा (दर्शनी खोली) चार खणी, म्हणजे तुळयांनी चार भागांत विभागलेला, २२ फूट लांब आणि ११ फूट रुंद. वर कडीपाट आहे: आडव्या तीन सागवानी तुळया, त्यांच्यावर फूट-फूट अंतरानं कड्या आणि कड्यांवर फळ्या. तुळईखाली उंची जेमतेम साडेआठ फूट. या सगळ्याला कुणी तरी कधी तरी ऑइलपेंट फासला आहे. मूळचा पांढरा असणार, आता जुन्या तुपासारखा दिसतो. माजघराच्या दाराजवळच्या कड्या तर चुलीच्या धुरानं तपकिरी झाल्यात. मागच्या महिन्यात जाळ्या काढताना मधल्या तुळईचा एक पोपडा नखानं सुटला आणि खाली सागाच्या रेषा दिसल्या. तेव्हापासून तो रंग माझ्या डोळ्यांना सहन होत नाही.

धाकटे भाऊजी म्हणतात, सरसकट पांढरं करा, उजेड वाढेल. मला सगळं खरवडून लाकूड बाहेर काढायचंय. पण सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, रोज दुपारी सोप्यात पोथी वाचतात, आणि तिन्ही खिडक्या पूर्वेला. दुपारी तीनला उजेड ओसरलेला असतो. त्यांनी एवढंच सांगितलंय, "झोपाळ्याच्या कड्यांना हात लावू नका." म्हणजे तुळईतल्या, झोपाळा अडकवायच्या कड्यांना.

जमीन शहाबादी, भिंतींना चुना. दारांच्या चौकटी आणि गणेशपट्टी (चौकटीवरची गणपती कोरलेली पट्टी) चॉकलेटी ऑइलपेंटात बुडालेल्या. छत आणि चौकटी यांचा मेळ कसा घालू?

ब्रशवाले

ताई, मी सातारा भागात तीस वर्षं रंगकाम करतोय. रंग कुठला ते नंतर, आधी स्टुलावर चढून प्रत्येक कडीची दोन्ही टोकं स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर तिथं वाळवी नाही तर ओल. ते काम सुताराचं, रंगानं झाकायचं नाही.

सगळं खरवडायचा विचार सोडा. तुमच्या सोप्याची जमीन २४२ चौरस फूट, पण चार इंची कड्यांच्या दोन्ही बाजू मोजा, वरचं काम ३९० च्या आसपास जातं. फळ्यांच्या सांध्यांतनं रंग निघतच नाही. कोरत बसलं तर फळ्यांवर घातलेली माती गळायला लागते. दोन आठवडे डोक्यावर हात धरून माणूस मोडतो आणि शेवटी लाकूड चट्ट्यापट्ट्यांचं दिसतं.

धुरकट कड्यांवर थेट पाण्याचा रंग मारू नका. आधी सोड्याच्या पाण्यानं पुसा, वाळू द्या, मग चपड्याचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, हात. नाही तर महिन्याभरात पिवळे डाग वर येतात. सांध्यांत लांबी (फटी बुजवायची पुट्टी) ठासून भरू नका. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, लांबी तडकून खाली पडते. काम होळीनंतर घ्या, लाकूड तेव्हा कोरडं असतं.

खणमाप

ब्रशवाल्यांच्या म्हणण्यात एक काळजीची गोष्ट जोडते. जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका. घरगुती रंगातल्या विषारी शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात ते कितीही असू शकतं. पाण्यानं भिजवून खरवडायचं, खाली प्लास्टिक, तोंडाला चांगला मास्क, लहान मुलं त्या दिवसांत दुसऱ्या घरी. आगीनं पोपडे काढायला तर अजिबात देऊ नका.

आता रंग. माझं मत ठाम आहे: कड्या आणि फळ्या एकाच फिकट रंगात, आणि लाकूड मोकळं करायचं ते फक्त तीन तुळयांचं. फूटभर अंतरावरच्या कड्या गडद आणि फळ्या पांढऱ्या केल्या, तर छताला पट्टे पडतात. साडेआठ फुटांवर ते डोक्यावर येतात. तुळया तीनच आहेत. त्या गडद राहिल्या तर खण मोजता येतात आणि सोपा लांब दिसतो. चौकटी आणि गणेशपट्टी तुळयांच्याच सोबतीनं मोकळ्या करा. एका नजरेत वर साग, समोर साग.

फिकट म्हणजे शुभ्र नको. छताला उजेड मिळतो तो जमिनीवरून उसळलेला, आणि शहाबादीवरून तो निळसर करडा येतो. शुभ्र रंग तिथं राखेसारखा दिसेल, शिवाय फळ्यांची प्रत्येक फट काळी रेघ होऊन उठेल. थोडा पिवळसर घ्या, मॅटच घ्या. ऑइलपेंट पुन्हा नको, पांढरा ऑइलपेंट कमी उजेडात पिवळा पडतोच. तुमचं तूप त्यातूनच झालंय.

एडिसनकर

न्यू जर्सीतल्या आमच्या जेवणाच्या खोलीत चौकोनी खणांचं छत आहे, एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या) पट्ट्यांचं. तुमच्या सागापुढे काहीच नाही, पण चूक उपयोगी पडेल म्हणून लिहितो. खणांच्या आत मोरपंखी आणि पट्ट्या पांढऱ्या केल्या. दुकानातल्या दोन इंची कागदावरून निवडलं, तेही भिंतीला लावून. छतावर तोच रंग दोन छटा गडद निघाला आणि रात्री पिवळ्या दिव्यात शेवाळी. पुन्हा सगळं रंगवलं. दोन फुटी फळीवर रंग लावून ती वर बांधा आणि तुमच्याच दिव्यात बघा.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. गेल्या रविवारी कड्या ठोकल्या. चाळीसपैकी एकच पोकळ वाजली, परसाकडच्या भिंतीतली. सुतार बुधवारी येतोय.

तीन फळ्या रंगवून दुसऱ्या खणात सुतळीनं बांधल्या: शुभ्र, सायीचा आणि फिका बदामी. दुपारी तीनला सासूबाईंना त्यांच्या जागी बसवलं. शुभ्र फळी खरंच राखेसारखी दिसली, भाऊजीही गप्प झाले. बदामी मला आवडली होती, पण सासूबाईंनी पोथी उघडली, दोन ओव्या मोठ्यानं वाचल्या, वर बघितलं आणि म्हणाल्या, "ही मधली. हिच्याखाली अक्षर दिसतं." तर साय ठरली.

मधल्या तुळईचा हातभर भाग भिजवून खरवडला. पांढऱ्याखाली हिरवा निघाला, हिरव्याखाली लाकूड, आणि झोपाळ्याच्या कडीभोवती साग घासून काचेसारखा गुळगुळीत झालेला. तेवढ्या गोलाला पॉलिश न करता नुसतं जवसाचं तेल लावलं तर चालेल का, ब्रशवाले? आणि चपड्याचा एक हात पुरतो की दोन?