१५ वर्षं झालेली १५० सीसी बाइक पासिंगला न्यायची आहे – आधी काय काय बघून घ्यावं?

घाटवळण
नमस्कार मंडळी. बाइकची नोंदणी फेब्रुवारी २०११ची, म्हणजे आरसीची १५ वर्षं आता भरत आली. गाडी ७८,००० किलोमीटर चाललेली. पुढे डिस्क, मागे ड्रम, दोन स्पार्क प्लगचं कार्ब्युरेटरवालं इंजिन, बीएस-३ (प्रदूषणाचं जुनं मानक). पुढचा ब्रेक दाबला की हँडलमधून ‘टक्’ असा आवाज येतो, पुढच्या उजव्या शॉकअपवर तेलाची ओल दिसते आणि सायलेन्सर खालच्या बाजूने फटफटतो. एजंट न धरता स्वतः पासिंगला, म्हणजे नोंदणी नूतनीकरणाच्या आरटीओ तपासणीला न्यायची आहे. आधी काय करून घ्यावं आणि कशाच्या मागे लागू नये? आणि एवढा खर्च घालून गाडी आणखी ५ वर्षं वापरण्यासारखी राहील का?

दहा-बाराचा पाना
शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचा खर्च त्याच्यावरच ठरतो. टाकी आणि सीट काढा. फ्रेमचा हँडलखालचा भाग, चिमट्याची (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याची) आडवी पिन जिथून जाते ती जागा आणि डबल स्टँडचे कान, या तीन ठिकाणी, चेसिस नंबरची जागा सोडून, तारेचा ब्रश मारा आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. नुसता वरवरचा गंज असेल तर घासून प्रायमर मारा. पत्रा पोकळ वाजला, पापुद्रे निघाले किंवा वेल्डिंगच्या कडेला केसासारखी चीर दिसली, तर गाडीवर पैसे घालू नका. इंजिन परत बांधता येतं, पण गंजून पातळ झालेल्या फ्रेमला कुणीही खात्रीने उभी करू शकत नाही.

फ्रेम ठणठणीत निघाली तर पुढचं सगळं करण्याजोगं आहे.

तुमचा ‘टक्’ आवाज बहुधा कोन सेटचा, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगचा. गाडी डबल स्टँडवर लावा, कुणाला तरी सीटच्या मागच्या टोकावर बसवा म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. दोन्ही शॉकअपची खालची टोकं धरून पुढे-मागे हलवा. दुसऱ्या माणसाने खालचा टी (दोन्ही शॉकअप जोडणारा आडवा भाग) आणि फ्रेम यांच्या फटीवर बोट ठेवायचं. हालचाल तिथे जाणवली तर कोन सेट. तिथे काही नाही आणि रॉड नळीत हलतोय, तर शॉकअपचे बुश गेलेत. दोन्हीकडे शांत असेल तर डिस्क पॅड कॅलिपरमध्ये (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात) सैल बसलेत का ते बघा, तोही आवाज असाच येतो.

आता हँडल एका बोटाने अगदी सावकाश या टोकापासून त्या टोकाला न्या. मधोमध अडकल्यासारखं वाटलं तर वाट्यांमध्ये छर्‍यांच्या खाचा पडल्यात. अशा वेळी बरेच फिटर नट आवळून देतात. आवाज तात्पुरता जातो, पण हँडल मधल्या खाचेत बसतं आणि कमी वेगात गाडी डावी-उजवीकडे भरकटते. खाच पडली असेल तर वरच्या-खालच्या वाट्या, कोन आणि छर्रे असा पूर्ण सेटच बदलायचा. नवीन सेट लिथियम ग्रीस भरून बसवा. नट आवळा, हँडल दोन-चार वेळा पूर्ण फिरवा, मग नट किंचित मागे घ्या. चाक उचललेलं असताना हँडलला हलका धक्का दिला की ते आपल्या वजनाने बाजूला पडलं पाहिजे. वाट्या बसल्या की पुन्हा थोडी ढिलाई येते, म्हणून ५०० किलोमीटरनंतर परत एकदा तपासा. ते न केल्याने नवा सेटही लवकर ठोकला जातो.

शॉकअपबद्दल: सील बदलायच्या आधी रॉड कापडाने स्वच्छ पुसा आणि नख आडवं धरून वर-खाली फिरवा. सील जिथे घासतो त्या टप्प्यात नख कुठे अडकलं, म्हणजे क्रोम उडून खड्डा पडलाय. तो खड्डा नवा सील आठवड्याभरात फाडतो. अशा रॉडला सील बदलण्याचा उपयोग नाही, रॉडच बदलायचा किंवा त्यावर परत हार्ड क्रोम करून घ्यायचं. सील मात्र दोन्ही बाजूंचे एकत्र बदला, आणि तेल दोन्हीकडे सारखं, मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढंच, मापाच्या भांड्याने. अंदाजाने जास्त ओतलं तर आत दाब वाढतो आणि सील पुन्हा उचलतो.

ते तेल डिस्कवर उतरलं असेल तर पॅड गेलेच समजा. घासून किंवा तापवून ते परत पकडत नाहीत. डिस्क ब्रेक क्लीनरने पुसा, पॅड नवे टाका.

पेट्रोलकॉक
ब्रेकमध्ये थोडी भर. पुढचं चाक उचलून फिरवा, लिव्हर दाबा आणि सोडा. सोडल्यावर चाक मोकळं फिरलं पाहिजे. फिरत नसेल तर कॅलिपरचा पिस्टन अडकतोय किंवा सरकत्या पिना सुकल्यात. पिनांना सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. कड सोडून, जिथे पॅड घासतो तिथे मोजा.

ब्रेक ऑइल चहासारखं तपकिरी झालं असेल तर पूर्ण बदला. ते हवेतलं पाणी शोषतं, घाट उतरताना तापलं की त्या पाण्याची वाफ होते आणि लिव्हर हँडलपर्यंत येते. दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेला ग्रेडच घ्या आणि नव्या सीलबंद डब्यातला घ्या. कॅलिपरवरच्या हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक तेलात बुडवा. लिव्हर दाबून धरा, निपल उघडा, बंद करा, मगच लिव्हर सोडा. हा क्रम चुकला की हवा परत आत. मधेमधे वरची टाकी भरत राहा, ती रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून. आणि रबरी होज १५ वर्षांचा मूळचाच असेल तर वळणावर वाकवून बघा. बारीक भेगा दिसल्या की बदला.

मागच्या ड्रमला प्लेटवर खूण आणि बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेपाशी पोचला म्हणजे लायनर संपले. कुणी ब्रेकचा आर्म काढून एक दात मागे बसवून दिलाय का हेही बघा. त्याने पेडल वर येतं, पण बाण खोटं सांगतो आणि लायनर संपल्यावर ते पसरवणारा कॅम उलटा फिरून ब्रेक अडकू शकतो.

आता पीयूसी, म्हणजे धुराची प्रदूषण तपासणी. ३१ मार्च २०००नंतरच्या फोर-स्ट्रोक बाइकला, बीएस-३पर्यंत, मर्यादा कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ४,५०० पीपीएम. धडधाकट इंजिन यात सहज बसतं. बसत नसेल तर दोन प्लगच्या गाडीत आधी एक प्लग मेलाय का ते बघा. एका प्लगवरही इंजिन चालतं, म्हणून कित्येक महिने लक्षातच येत नाही. अ‍ॅव्हरेज उतरतं आणि न जळलेलं पेट्रोल बाहेर पडून हायड्रोकार्बन चढतं.

तपासायची रीत: इंजिन बंद करा. एका प्लगची कॅप काढा, त्या कॅपमध्ये जुना सुटा प्लग खोचा आणि त्याचा धातूचा भाग इंजिनला तारेने नीट बांधा. मग गाडी चालू करा. चालू राहिली तर दुसरा प्लग जिवंत आहे, बंद पडली तर मेलाय. हेच उलट्या बाजूने. चालू इंजिनची कॅप हाताने उपटू नका. झटका बसतोच, शिवाय ठिणगीला वाट न मिळाल्याने सीडीआय (ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) किंवा कॉइल जाऊ शकते.

सायलेन्सरची गळती पीयूसीच्या आधीच काढा. भोकातून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि रीडिंगचा भरवसा राहत नाही. बेंड पाइप जिथे हेडला लागतो तिथली गॅस्केट आणि खालचा वाकलेला भाग, या दोनच जागा बहुतेक वेळा गेलेल्या असतात. थंड गाडी चालू करून मागचं तोंड जाड ओल्या कापडाने क्षणभर दाबा. जिथून फुसफुसेल तिथे गळती.

एअर फिल्टर बदला, आयडलिंग मिनिटाला १४०० फेऱ्यांच्या आसपास ठेवा, आणि गाडी ८-१० किलोमीटर चालवून गरम असतानाच पीयूसी करा. कार्ब्युरेटरवरचा मिक्स्चरचा स्क्रू फिरवण्याआधी तो कुठे आहे ते बघा. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोल सोडतो, आत आवळला की मिश्रण पातळ (पेट्रोल कमी). एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा सोडतो, आत आवळला की मिश्रण घट्ट (पेट्रोल जास्त). हे न बघता फिरवल्यामुळे चांगल्या गाड्याही नापास होतात.

कागदवाला
गाडीबद्दल वर आलंच आहे, मी फक्त कागद आणि नजरेला दिसणाऱ्या गोष्टी सांगतो.

अर्ज नमुना २५. मुदत संपण्याआधी ६० दिवसांच्या आत करता येतो. परिवहनच्या पोर्टलवर भरा, फी भरा, तारीख घ्या आणि त्या दिवशी गाडीसकट आरटीओत जा. नूतनीकरण ५ वर्षांसाठी होतं. १ एप्रिल २०२२च्या केंद्राच्या दरपत्रकात मोटारसायकलच्या नूतनीकरणाला १,००० रुपये आणि उशीर झाला तर दरमहा ३०० रुपये आहेत. महाराष्ट्रात याशिवाय पर्यावरण कर भरावा लागतो, त्याची पावती जोडा. विमा चालू हवा, पीयूसी चालू हवी. जुनं कर्ज फिटलं असेल पण आरसीवर बँकेचं नाव तसंच असेल तर आधी ते उतरवून घ्या, अर्ज तिथेच अडकतो. थकलेली ई-चलनं भरून टाका.

१ एप्रिल २०१९च्या आधीची गाडी असल्याने एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) पाट्या बसवून घ्या. फॅन्सी अक्षरांची जुनी पाटी शेजारी ठेवू नका.

दिवे: ब्रेक लाइट पुढच्या लिव्हरने आणि मागच्या पेडलने, असा वेगवेगळा लागतो का ते बघा. एक स्विच बंद असतो आणि दुसऱ्यामुळे कळत नाही. इंडिकेटर भराभर लुकलुकत असेल तर त्या बाजूचा एक बल्ब गेलाय किंवा होल्डरला गंज आहे. हेडलाइटला बाहेरून जास्त वॉटचा बल्ब घातला असेल तर मूळचा ३५/३५ परत लावा. होल्डर वितळतो आणि रिफ्लेक्टर काळा पडतो. हॉर्न एकाच सुराचा हवा. दोन्ही आरसे, मागच्याला धरायची दांडी, फूटरेस्ट आणि साडी गार्ड जागेवर हवेत. दिसायला बरं म्हणून साडी गार्ड काढून टाकलेल्या गाड्या खूप असतात. नियमानुसार तो लागतो, आणि त्याचं कारण मागे बसणाऱ्याचा जीव आहे.

टायरची नक्षी दुचाकीला किमान ०.८ मिलिमीटर. बाजूला टीडब्ल्यूआय (झिजेची खूण) लिहिलेल्या रेषेत खाचेतला उंचवटा बघा, नक्षी त्याच्या बरोबरीला आली की टायर संपला. बाजूचा चार आकडी शिक्काही वाचा, पहिले दोन आकडे आठवडा, नंतरचे दोन वर्ष.

लेस्टरवासी
इथे ब्रिटनमध्ये गाडीला तीन वर्षं झाली की दरवर्षी एमओटी, म्हणजे गाडीची सक्तीची तपासणी करावी लागते. मोटारसायकलसाठीची तपासणी पुस्तिका सरकारने सगळ्यांना वाचायला खुली ठेवली आहे. घरी तपासायला तिचा क्रम फार उपयोगी पडतो: दिवे, हॉर्न, हँडल, सस्पेन्शन, चाकं, टायर, ब्रेक, चेन, आणि पुढच्या-मागच्या चाकाची सरळ रेषा. २० मे २०१८पासून दोष किरकोळ, मोठा आणि धोकादायक अशा वर्गांत लिहितात. किरकोळ असेल तर गाडी पास होते, बाकी दोन्हींत नापास.

वर न आलेली एक गोष्ट त्या क्रमातून: चाकांची रेषा. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी सरळ दोरी लावून पुढच्या चाकापर्यंत ताणा. पुढचं चाक सरळ असताना दोन्ही बाजूंचं अंतर सारखं यायला हवं. येत नसेल तर आधी चेन ताणायच्या खुणा दोन्हीकडे सारख्या आहेत का बघा, मग चिमट्याचे बुश. मागचं चाक धरून आडवं ढकललं आणि चिमटा पिनपाशी हलला, की बुश गेले.

घाटवळण
खूप खूप आभार सगळ्यांचे. काल टाकी काढून बघितलं. फ्रेम खणखणीत वाजते. हँडल मधोमध अडकतं, म्हणजे कोन सेट पूर्ण बदलतो. उजव्या रॉडवर नख दोन ठिकाणी अडकलं. पण चेसिस नंबरचे शेवटचे तीन आकडे गंजात बुजलेत. ते घासून काढू का?

दहा-बाराचा पाना
ग्राइंडर, पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, यातलं काहीही त्या जागेला लावू नका. नंबराभोवती घासल्याच्या खुणा दिसल्या की छेडछाडीचा संशय येतो आणि ते निस्तरणं रॉड बदलण्यापेक्षा फार अवघड.

कापडाची घडी रॉकेलमध्ये भिजवून नंबरावर ठेवा, वरून प्लास्टिक बांधा, रात्रभर राहू द्या. सकाळी जुन्या टूथब्रशने हलकं घासा. असं दोन-तीनदा करा. सुकल्यावर पांढरा खडू चोळा आणि वरवर पुसा, आकड्यांच्या खाचांत पांढरं राहतं. मग पातळ कागद चिकटपट्टीने घट्ट बसवून मऊ शिशाची पेन्सिल आडवी फिरवा. पूर्ण नंबर एका कागदावर उठला पाहिजे. उठला की दोन-तीन प्रती काढून ठेवा आणि जागेवर ग्रीसचा पातळ थर द्या.

तरीही आकडे उठले नाहीत तर स्वतः किंवा गॅरेजवाल्याकडून पुन्हा ठोकून घेऊ नका. तपासणीच्या तारखेआधीच आरटीओत लेखी अर्ज द्या, सोबत मूळ आरसी आणि इंजिन नंबरचा प्रिंट. इंजिन नंबर आरसीशी जुळला तर तुमची बाजू भक्कम राहते, म्हणून क्रँककेसवरची (इंजिनच्या खालच्या कवचावरची) ती जागाही आजच स्वच्छ करून बघा.